जीपीएस वेस्ट: पस्तिशीतल्या स्ट्रायकरचा वेग उतरलाय का, हे तिच्यावरून कळतं का?

पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध एका छोट्या खिशात बसणारा जीपीएस ट्रॅकर, तो धरून ठेवणारी घट्ट वेस्ट आणि सोबतचं अ‍ॅप हा संच आता फक्त मोठ्या फुटबॉल क्लबांपुरता राहिलेला नाही. पदरचे पैसे खर्चून तो घेणारे खेळाडू पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेच जण तिशी ओलांडलेले असतात. त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: आपला वेग कमी होतोय का? हे परीक्षण तेवढ्याच प्रश्नापुरतं आहे. किती किलोमीटर पळणं झालं, किती कॅलरी जळल्या, हीटमॅप, म्हणजे मैदानावर कुठे किती वावर झाला याचा नकाशा, कसा दिसतो, याचा इथे विचार केलेला नाही.

आधी निकाल सांगतो. १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा नोंदी घेणारा, चांगला ट्रॅकर सामन्यात गाठलेला सर्वाधिक वेग भरवशाने सांगतो. पहिल्या पाच मीटरचा जोर तो भरवशाने सांगत नाही. आणि संधी मिळाली असती तर खेळाडू किती वेगाने पळू शकला असता, हे तर तो सांगूच शकत नाही. स्ट्रायकरबद्दल निर्णय घ्यायला या तिन्ही गोष्टी लागतात, म्हणून नुसत्या वेस्टच्या आकड्यावरून ‘हा आता संथ झाला’ असं ठरवणं चूक आहे. वेस्टला वेगळ्या स्प्रिंट चाचणीची जोड दिली तर मात्र ती फार उपयोगाची वस्तू आहे.

ट्रॅकर वेग दोन प्रकारे काढू शकतो. एक, दर क्षणाची जागा टिपायची आणि दोन जागांमधलं अंतर वेळेने भागायचं. दोन, हालचालीमुळे उपग्रहाच्या सिग्नलच्या वारंवारितेत पडणारा फरक, म्हणजे डॉप्लर परिणाम, मोजून थेट वेग काढायचा. दुसरी पद्धत बरीच अचूक आहे आणि चांगले ट्रॅकर तीच वापरतात. जागेच्या नोंदीत मीटरभराची चूक सहज होते. त्यामुळे हीटमॅपवर खेळाडू टचलाइनबाहेर पळताना दिसला तरी त्याचा वेग बरोबर असू शकतो. ट्रॅकर वेग कोणत्या पद्धतीने काढतो हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला सरळ विचारावं.

१० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा नोंदी. टॉप स्पीडला पोचलेला खेळाडू तो वेग सेकंदभर तरी जवळपास टिकवतो, म्हणजे आठ-दहा नोंदी एकमेकींना दुजोरा देतात. म्हणून तो आकडा विश्वासाचा. सुरुवातीला परिस्थिती उलट असते. उभ्या जागेवरून पहिले पाच मीटर साधारण सेकंदभरात जातात आणि तेवढ्यात वेग शून्यावरून सेकंदाला साडेपाच-सहा मीटरपर्यंत चढतो. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीपेक्षा वेगळी येते. त्यावर अ‍ॅपचा फिल्टर आकडे गुळगुळीत करतो आणि ज्या चढावात आपल्याला रस आहे नेमका तोच बोथट होतो.

स्ट्रायकरसाठी हे नुकसान मोठं आहे. सामन्यातल्या बहुतेक स्प्रिंट वीस मीटरच्या आत संपतात. दहा मीटरवर धावणारा सेकंदाला सात मीटरच्या आसपास वेगात असतो, तिथे ०.०५ सेकंद उशीर म्हणजे ३५ सेंटीमीटर मागे. चेंडूला बुटाचं टोक लागणं आणि बचावपटूने तो आधीच काढून घेणं, यात अनेकदा एवढंच अंतर असतं. ते ०.०५ सेकंद वेस्ट दाखवत नाही.

खोटे आकडे कुठून येतात हेही पाहायला हवं. ट्रॅकर सुरू करून लगेच खेळायला उतरलं तर पुरेसे उपग्रह सापडायच्या आत नोंद सुरू होते. मोकळ्या आकाशाखाली, भिंतीपासून आणि छतापासून दूर, १० ते १५ मिनिटं आधी तो चालू करून ठेवावा. उंच स्टँडने वेढलेल्या मैदानावर सिग्नल स्टँडला आपटून येतात आणि वेगाच्या आलेखात सुळके उठतात. असा एकच सुळका हंगामाचा ‘सर्वोत्तम वेग’ म्हणून अ‍ॅपमध्ये ठाण मांडतो आणि मग पुढचा प्रत्येक सामना त्याच्यापुढे घसरण वाटतो. तिशी ओलांडलेल्या खेळाडूंवर याच सुळक्यामुळे सर्वाधिक अन्याय होतो, असं आमचं मत आहे.

सुळका ओळखणं अवघड नाही. कमाल वेग निदान अर्धा सेकंद, म्हणजे सलग पाच नोंदी, त्याच्या आसपास टिकलेला हवा. ताशी २५ किमीच्या वर असताना एका दशांश सेकंदात वेग ३ किमीने वाढलेला दिसला तर ती नोंद खोडावी. तेवढी वाढ म्हणजे सेकंदाला सेकंदागणिक आठ मीटरहून जास्त, आणि आधीच वेगात असलेल्या माणसाला ते शक्य नाही. ही तपासणी कच्च्या नोंदींची फाइल मिळाली तरच करता येते. म्हणून ट्रॅकर निवडताना रंग, वजन, अ‍ॅपचा देखणेपणा हे सगळं बाजूला ठेवून पहिला प्रश्न असा विचारावा: प्रत्येक नोंदीचा वेग असलेली सीएसव्ही फाइल, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडणारी आकड्यांची साधी फाइल, काढता येते का? नुसता सारांश देणारा संच या कामासाठी घेऊ नये.

वेस्ट स्वतःही गडबड करते. कापड ढिलं झालं की ट्रॅकर पाठीवर नाचतो आणि त्या हादऱ्यांमुळे वेगवाढीचे आकडे फुगतात. वेस्ट घातल्यावर ट्रॅकर बोटाने ढकलून पाहावा; तो कातडीपासून वेगळा हलत असेल तर माप मोठं आहे. धुण्याआधी ट्रॅकर काढावा, गार पाण्यात धुवावं, सावलीत वाळवावं. गरम पाण्याने आणि ड्रायरने लवचीकपणा जातो. संघात बऱ्याच वेस्ट असतील तर ट्रॅकरवर नाव चिकटवून प्रत्येकाला कायम तोच द्यावा, कारण एकाच कंपनीच्या दोन ट्रॅकरमध्येही थोडा फरक असतो.

आता अ‍ॅपमधल्या वेगाच्या रेषांकडे येऊ. सर्वात जास्त दिशाभूल इथेच होते आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. फुटबॉलमध्ये ताशी १९.८ किमीच्या वर ‘जलद धाव’ आणि २५.२ किमीच्या वर ‘स्प्रिंट’ अशा रेषा सर्रास वापरतात. समजा, एका स्ट्रायकरचा टॉप स्पीड ३३ वरून ३१ झाला. आधी २५.२ म्हणजे त्याच्या क्षमतेचे ७६ टक्के होते, आता ८१ टक्के झाले. तीच रेषा ओलांडायला त्याला जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे स्प्रिंटची संख्या वेगापेक्षा कितीतरी जास्त घसरलेली दिसते. वेग सहा टक्के उतरला असताना स्प्रिंट पाऊण किंवा निम्म्यावर आल्या म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

यावर उपाय म्हणून काही अ‍ॅप खेळाडूच्या स्वतःच्या कमाल वेगाच्या टक्केवारीत रेषा आखतात. सरावाचा भार ठरवायला ही पद्धत चांगली आहे, पण आपल्या प्रश्नासाठी ती घातक ठरते. कमाल वेग खाली आला की रेषाही आपोआप खाली सरकते, स्प्रिंटची संख्या तेवढीच राहते आणि घसरण झाकली जाते. वेग उतरतोय का हे पाहायचं असेल तर हंगामाच्या सुरुवातीचा कमाल वेग कुलूप लावल्यासारखा पक्का करून ठेवता आला पाहिजे. ही सोय नसेल तर कच्ची फाइल स्प्रेडशीटमध्ये घेऊन मोजणी स्वतः करावी. तसंच रेषेवर किमान किती वेळ राहिलं तर ‘स्प्रिंट’ धरायची, ही सेटिंग अर्ध्या सेकंदाची आहे की एका सेकंदाची, हे लिहून ठेवावं. अपडेटनंतर ती बदललेली असू शकते, आणि फिल्टरही बदलू शकतो. जुन्या आणि नव्या आवृत्तीचे आकडे एकाच आलेखावर टाकू नयेत.

सामन्यातला वेग हा क्षमतेएवढाच प्रसंगावरही ठरतो. समोरचा संघ खोल बचाव करत असेल तर बचावफळीमागे पंधरा मीटरही मोकळे नसतात. टॉप स्पीडला पोचायला फुटबॉलपटूला साधारण ३० ते ४० मीटर लागतात. प्रशिक्षकाने त्याला पाठमोरा उभा राहून चेंडू धरायला सांगितलं असेल, किंवा तो शेवटच्या वीस मिनिटांसाठीच उतरत असेल, तरी आकडे पडतात. याउलट जागा मिळाली की वय बाजूला राहतं. १९ जून २०२१ ला म्युनिकमध्ये जर्मनीविरुद्ध क्रिस्तियानो रोनाल्दोने आपल्या गोलसमोर कॉर्नर डोक्याने बाहेर काढला आणि त्याच प्रतिहल्ल्यात मैदान पार करून दुसऱ्या टोकाला गोल केला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. ती एक धाव हंगामाच्या सरासरीत विरघळून जाते. म्हणून सरासरीपेक्षा दर महिन्याच्या सर्वोत्तम तीन-चार धावा पाहाव्यात, तेही सुळके खोडल्यानंतर.

गोलांवरून तर वेग मुळीच मोजू नये. जेमी वार्डीने २०१९-२० च्या हंगामात ३३ व्या वर्षी २३ गोल करून प्रीमियर लीगचा गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान, घेतला. सुनील छेत्रीने ७ डिसेंबर २०२४ ला केरला ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक केली, तेव्हा तो चाळिशीचा होता. उशिरा पण नेमक्या क्षणी निघणं, ऑफसाइडच्या रेषेवर खांदा ठेवून उभं राहणं, बचावपटूची नजर चेंडूकडे वळताच त्याच्या पाठीमागे सरकणं, यातून मिळालेला दीड मीटर कोणत्याही ट्रॅकरमध्ये नोंदला जात नाही. खेळाडूचं मोल त्यात आहे, पण इथे आपला प्रश्न पायांचा आहे.

टीव्हीवरच्या आकड्यांशी तुलनाही टाळावी. जानेवारी २०२४ मध्ये टॉटनहॅमचा बचावपटू मिकी व्हॅन डी व्हेनची ताशी ३७.३८ किमीची नोंद प्रीमियर लीगमधली सर्वात वेगवान म्हणून जाहीर झाली. असे आकडे स्टेडियममधल्या कॅमेऱ्यांवरून काढतात. कॅमेरा आणि जीपीएस यांची मोजण्याची पद्धत आणि फिल्टर वेगळे असतात. अ‍ॅपमधला ‘व्यावसायिक खेळाडूंच्या तुलनेत तुम्ही इतके टक्के’ हा भाग म्हणूनच बिनकामाचा.

वेस्टला जोड हवी ती सरळ रेषेतल्या ४० मीटर स्प्रिंटची. फोटोसेल टायमिंग गेट, म्हणजे धावणाऱ्याने किरण तोडताच वेळ टिपणारी उपकरणं, असतील तर ती ०, ५, १०, ३० आणि ४० मीटरवर लावावीत, कमरेच्या उंचीवर. एकाच किरणाचं गेट असेल तर तो किरण हाताने आधीच तुटतो आणि वेळ चुकते. दुहेरी किरणाचे घेतलेले बरे. पुढचा पाय पहिल्या गेटच्या अर्धा मीटर मागे, मागे झुलून झोका न घेता सुरुवात. यातून दोन वेगळे आकडे निघतात. पहिल्या दहा मीटरची वेळ सुरुवातीचा जोर सांगते, आणि ३० ते ४० मीटरमधल्या ‘फ्लाइंग १०’ ची वेळ टॉप स्पीड सांगते. फ्लाइंग १० ला १.१० सेकंद म्हणजे ताशी ३२.७ किमी, १.१५ म्हणजे ३१.३, १.२० म्हणजे बरोबर ३०. वय यातल्या एका आकड्याला धक्का देतं आणि दुसऱ्याला नाही, असंही होतं, म्हणून दोन्ही लागतात.

चाचणी सामन्यानंतर निदान ७२ तासांनी घ्यावी. १५ ते २० मिनिटं वॉर्मअप, त्यात शेवटी वाढत्या वेगाच्या दोन-तीन धावा, मग पूर्ण जोराच्या तीन धावा, प्रत्येकीनंतर चार मिनिटं विश्रांती. बूट, मैदान आणि दिवसाची वेळ दर वेळी तीच. संध्याकाळी शरीराचं तापमान जास्त असल्याने वेळा थोड्या चांगल्या येतात, म्हणून सकाळच्या आणि संध्याकाळच्या चाचण्या एकत्र करू नयेत. वारा जाणवत असेल तर चाचणी पुढे ढकलावी. याच धावांत वेस्टही घालावी. म्हणजे गेट आणि ट्रॅकर यांच्या आकड्यांत कायम किती फरक राहतो ते कळतं आणि पुढे सामन्यातला आकडा वाचताना तो वजा करता येतो.

गेट नसतील तर फोन चालतो, आणि टॉप स्पीडसाठी चांगलाच चालतो. सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये एक फ्रेम ०.००४ सेकंदाची असते. फोन ट्रायपॉडवर, फ्लाइंग १० च्या मध्यबिंदूसमोर काटकोनात, धावण्याच्या रेषेपासून १५ मीटरवर ठेवावा. चूक होते ती या दहा मीटरच्या दोन टोकांना खुणेसाठी लावलेल्या खांबांच्या जागेत. खांब खेळाडूच्या वाटेत रोवता येत नाहीत, म्हणून ते फोनच्या बाजूला मीटरभर अलीकडे लावले जातात. अशा वेळी खांबांमध्ये १० मीटर ठेवले, तर फोनच्या नजरेने खेळाडू प्रत्यक्षात १०.७१ मीटर पळतो आणि वेग सात टक्क्यांनी कमी निघतो. संथ झाल्याचा दाखला एका मोजपट्टीच्या चुकीवरून मिळतो. या मांडणीत खांबांमधलं अंतर ९.३३ मीटर ठेवावं. वाचताना कंबर खांबाआड जाते ती फ्रेम धरावी. हात किंवा डोकं नको. दहा मीटरच्या सुरुवातीच्या वेळेसाठी फोन तितका सोयीचा नाही, कारण ‘सुरुवात’ कोणत्या फ्रेमला झाली यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

रडार गनही मिळते. धावणाऱ्याच्या बरोबर मागे उभं राहून सरळ धावेत तिचा आकडा चांगला येतो, पण सामन्यात ती निरुपयोगी आणि एका खेळाडूसाठी महाग. ती सोडून द्यावी.

आकडे हाताशी आले की त्यांचं वाचन. आधी स्वतःच्या मोजणीचा गोंधळ किती आहे ते काढावं: एकाच आठवड्यात दोनदा चाचणी घेऊन फरक पाहावा. तो फरक ०.०२ सेकंद आला, तर १.१२ वरून १.१५ झालं म्हणून निष्कर्ष काढू नये, जरी ताशी ०.८ किमीची घट दिसत असली तरी. दर चार ते सहा आठवड्यांनी घेतलेल्या सलग तीन चाचण्या एकाच दिशेने गेल्या आणि एकूण बदल त्या गोंधळाच्या दुपटीहून जास्त झाला, की मग घसरण खरी धरावी. हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंच्या, दुखापतीतून परतल्यानंतरच्या पहिल्या चाचण्या यात मोजू नयेत. तिथे वेळ वाढते ती दुखापतीमुळे, वयामुळे नव्हे.

चाचणी चांगली आणि सामन्यातला वेग कमी, असं असेल तर पाय शाबूत आहेत. जागा, भूमिका किंवा दम यात शोध घ्यावा. दमाचा अंदाज वेस्ट उत्तम देते: पहिल्या आणि शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या सर्वोत्तम धावा, आणि दोन स्प्रिंटमध्ये खेळाडू किती वेळ घेतो, हे पाहावं. तिशीनंतर अनेकदा टॉप स्पीड टिकून असतो आणि वाढलेला असतो तो हा मधला वेळ. चाचणी आणि सामना दोन्हीकडे घट असेल तर उत्तर स्पष्ट आहे. खरी काळजी मात्र तिसऱ्या प्रकाराची. चाचणीतला वेग ३३ वरून ३१ वर आला, पण सामन्यातला सर्वोत्तम आकडा ३०.५ वरच आहे. वेस्ट म्हणते काही बदललं नाही. प्रत्यक्षात हा खेळाडू आधी क्षमतेच्या ९२ टक्क्यांवर पळत होता, आता ९८ वर पळतोय. हातचं राखलेलं जवळजवळ संपलंय. वाढतं वय आणि आधीची दुखापत या दोन्ही गोष्टी हॅमस्ट्रिंगचा धोका वाढवतात हे माहीत आहे, आणि अशा खेळाडूच्या सरावाचा भार आणि मिनिटं लगेच तपासायला हवीत. नुसती वेस्ट वापरणाऱ्याला ही स्थिती कधीच दिसत नाही.

वेग उतरतो तेव्हा नेमकं काय बदलतं, हे फोनवरच दिसतं. वयाबरोबर जलद आकुंचन पावणारे स्नायूतंतू बारीक होतात. वयस्क धावपटूंच्या अभ्यासात दिसतं की पावलांची गती फारशी कमी होत नाही. पावलाची लांबी घटते आणि पाय जमिनीवर टेकलेला राहण्याची वेळ वाढते. फ्लाइंग १० चाच व्हिडिओ घेऊन पावलं मोजावीत आणि पाय टेकल्यापासून उचलेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. ०.१२ सेकंदाचा स्पर्श म्हणजे २४० च्या गतीला २९ फ्रेम. गवत उंच असेल तर बुटाचं टोक झाकलं जातं, म्हणून कमी गवताची जागा निवडावी. पावलं वाढली आणि स्पर्शाच्या फ्रेमही वाढल्या, तर ताकदीच्या सरावाची दिशा ठरते: जड वजन, उड्या, आणि आठवड्यातून एक-दोनदा पूर्ण वेगाच्या मोजक्या धावा. वय झालं म्हणून पूर्ण वेगाने पळणंच बंद करणं हा यातला सर्वात वाईट सल्ला.

खरेदीचं बोलायचं तर एकट्या खेळाडूने आधी ट्रायपॉड, ३० मीटरची मोजपट्टी आणि चार खांब घ्यावेत, वेस्ट त्यानंतर. संघाने गेट आणि वेस्ट दोन्ही घ्यावेत, आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी गेट. सामन्यात वापरायचा ट्रॅकर फिफाच्या गुणवत्ता कार्यक्रमात तपासलेला असावा. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबीने २०१५ पासून असे ट्रॅकर सामन्यात घालायला परवानगी दिली आहे, तरी त्या त्या स्पर्धेचा नियम पाहावाच. अ‍ॅपची वर्गणी थांबल्यावर जुन्या नोंदी उघडतात का, हे खरेदीआधी विचारावं, कारण या प्रश्नाचं उत्तर दोन-तीन हंगामांच्या नोंदींतूनच मिळतं. दर महिन्याला कच्च्या फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवाव्यात. ट्रॅकर बदलायची वेळ आली तर जुना आणि नवा दोन्ही एकाच वेळी घालून पूर्ण वेगाच्या निदान दहा धावा घ्याव्यात आणि दोघांमधला फरक तारखेसह त्याच फाइलमध्ये लिहून ठेवावा.